शिकारी बनावटीचं पहिलं धनुष्य आता बदलावं का?

शिवारवाट (उदगीर)

नमस्कार मंडळी. तिरंदाजीवर इथं धागा दिसला नाही म्हणून नवीन काढायलोय.

माझ्याकडं कंपाउंड धनुष्य आहे, म्हणजे दोन्ही टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं. चुलतभाऊ अमेरिकेत असतो, त्यानं तिकडं हरणाच्या शिकारीसाठी पहिलं म्हणून घेतलं होतं. नंतर त्यानं स्वतःला दुसरं घेतलं आणि गावाकडं येताना हे माझ्यासाठी आणलं. नवशिक्यांसाठी निघतं तसलं आहे, पाउंड (ओढायला लागणारा जोर) आणि ड्रॉ लेंथ (दोरी किती मागं येते ते माप) दोन्ही ॲलन कीनं कमी-जास्त करता येतात. मला शिकार करायची नाही. आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) बांधाच्या पोटाला टार्गेट लावलंय, सकाळी डेअरीवर दूध घालून आलो की बाण मारतो. सुरुवात हौस म्हणून झाली, आता मात्र यात पुढं जायचंच असं मनानं घेतलंय.

३० मीटरवर बाण एका ताटलीत मावतील इतके जवळ बसायलेत. ५० वर गेलं की फैलतात. वर-खाली फारसं नाही, डावी-उजवीकडं जास्त. पुढच्या मोसमात खुल्या स्पर्धेत उतरायचा विचार आहे. शहरातल्या एका दुकानदाराला फोटो पाठवला तर म्हणे, "हे शिकारीचं आहे, टार्गेटला उपयोगाचं नाही, बदलून टाका." त्यानं सुचवलेल्या नुसत्या धनुष्याचा आकडा लाखाच्या वर जातो, साइट (नेम धरायचं साधन) आणि बाण वेगळे. सोयाबीनचे पैसे हातात आहेत, पण बोअरची मोटारही काढायला झालीय.

बदलावं, का याच्यावरच अजून थोडं काढावं? ज्यांनी दोन्ही धनुष्यं हाताळलीत त्यांनी मनमोकळं सांगावं.

कडबाकुट्टी (औसा)

भावानं धनुष्य दिलं, हरीण दिलं नाही का? 😀 विषय मस्त आहे, बसतो वाचत.

गोदाकाठचा (नांदेड)

बदलायचं का नाही ते नंतर. आधी एवढं सांगा, म्हणजे उत्तर देता येईल.

दोन्ही कॅमच्या आसांमधलं अंतर (ॲक्सल ते ॲक्सल) किती? पाउंड किती ठेवलेत? ड्रॉ लेंथ किती, आणि ती कुणी मोजली? बाणावर स्पाइनचा (लवचीकपणाचा) आकडा कोणता? रेस्ट (बाण टेकवायचा आधार), रिलीज (दोरी सोडायचं साधन), साइट कोणत्या प्रकारचे? आणि दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप लावा, तेही माप सांगा. घरच्या कुणाला तरी टेप धरायला लावा, एकट्यानं मोजलं की हमखास चुकतं.

शिवारवाट

गोदाकाठचे दादा, घ्या:

ॲक्सल ते ॲक्सल ३१ इंच. ४५ पाउंडावर आहे. ड्रॉ लेंथ २८, भावानं त्याच्या मापानं लावली होती तीच आहे. बाण त्यानंच दिलेले कार्बनचे, ३४० लिहिलंय, लांबी २९ इंच, मागं मोठी पिसं. रेस्ट तो गोल, केसाळ ब्रशसारखा असतो ना तो. रिलीज मनगटाला बांधायचा, तर्जनीनं दाबायचा. साइटला तीन पिना. आणि हात पसरून १७० सेंटिमीटर, बायकोनं मोजलं.

गोदाकाठचा

मग बदलायची गोष्ट तूर्त बाजूला ठेवा.

१७० सेंटिमीटर म्हणजे साधारण ६७ इंच. त्याला अडीचनं भागलं की २६.८. हा नुसता अंदाज असतो, अर्धा-पाऊण इंच इकडं-तिकडं होतो, पण तुमची ड्रॉ लेंथ २७ च्या आसपास निघणार. तुम्ही २८ वर ओढताय. धनुष्य तुमच्या भावाच्या अंगाचं आहे, तुमच्या नाही.

एक इंच जास्त असला की काय होतं बघा. कंपाउंडमध्ये भिंत (दोरी आणखी मागं येत नाही ती जागा) लागेपर्यंत ओढावंच लागतं, मधे थांबता येत नाही. मग ती जादाची लांबी अंग कुठून तरी भरून काढतं. कमरेतून मागं झुकतो, धनुष्याच्या हाताचं कोपर पार ताठ होतं, डोकं मागं जातं आणि दोरी गालात रुतते. दर बाणाला ती सारखीच रुतत नाही. कोपर ताठ झालं की दोरी हाताला घासायचाही संभव. ग्रिपवर पंजा थोडा जरी पिळला तरी बाण डावी-उजवीकडंच जातो. ३० मीटरवर हे सगळं ताटलीत झाकून जातं, ५० ला उघडं पडतं. तुमचा फैलाव आडवाच आहे, म्हणून माझा पहिला संशय यावरच.

तुमच्या जातीच्या धनुष्याला कॅमवर फिरणारं मॉड्यूल असतं, ड्रॉ लेंथ त्यानंच बदलते. वर-खाली दोन्ही कॅमवर आकडे असतील तर दोन्ही एकाच खुणेवर आणायचे, आणि ड्रॉ स्टॉपची खुंटी असेल तर तीही त्याच खुणेवर. याला प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करायचं यंत्र) लागत नाही. बदलल्यावर पीप (दोरीतलं बघायचं भोक) डोळ्यासमोर येईल का ते बघा, बहुतेक सरकवावा लागेल. तो सरकवायला मात्र प्रेस असलेला माणूस शोधा, दोरी ताणलेली असताना पेचकसानं खटपट करू नका.

रेणापूरची रेखा

गोदाकाठचे दादा सांगताहेत ते खरं आहे. मी कंपाउंडवाली नाही, माझी लेक रिकर्व्ह (कॅम नसलेलं, टोकं पुढं वळलेलं धनुष्य) मारते, पण बदलायचा प्रश्न आमच्याकडं दर वर्षी असतो.

तिचं पहिलं धनुष्य लाकडी रायझरचं (मधल्या, हातात धरायच्या भागाचं), सुटं होणारं होतं, १८ पाउंडाचं. वर्गातल्या मुलांच्या आयांचा एकच सूर, "धातूचं घ्या, त्याशिवाय नंबर येत नाही." तिच्या सरांनी वेगळंच सांगितलं. ते म्हणाले, शेवटच्या फेरीत तिची बोटं हनुवटीखाली पहिल्या फेरीसारखीच जागेवर बसतात का ते बघा. बसत असतील तर दोन पाउंड वाढवू, नसतील तर आहे तेच. पाउंड वाढवायला पूर्ण धनुष्य नको, नुसत्या लिंब (वर-खालचे वाकणारे भाग) बदलायच्या. तिचं वय वाढतंय, हात लांब होतायत, मग मापाचा महागडा सेट आताच कशाला?

उंची थोडी स्थिरावल्यावर रायझर घेतला तो आयएलएफ बैठकीचा. याचा फायदा म्हणजे त्याच बैठकीची लिंब कुठल्याही कंपनीची बसते. २५ इंची रायझरला मध्यम लिंब लावली की ६८ इंची धनुष्य होतं, आखूड लावली की ६६. हळूहळू एकेक वस्तू बदलत गेलो, एकदम खर्च पडला नाही.

आणि एक. शाळांच्या स्पर्धेत इंडियन राउंडपण असतो. लाकडी-बांबूचं धनुष्य, ना साइट ना स्टॅबिलायझर (तोल राखायचा दांडा). ज्या गावात महागडं साहित्य परवडत नाही तिथल्या पोरांनी तिथून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. आमच्या जिल्ह्यातल्या किती मुलांना हे माहीतच नाही.

दूरदेशी (मूळ हिंगोली, सध्या पेनसिल्व्हेनिया)

मी इकडं परवाना घेऊन धनुष्यानं हरणाची शिकार करतो, म्हणून शिकारीची बाजू सांगतो. ती कळली की तुमच्या भावाचं धनुष्य तसं का आहे ते कळेल.

इथं झाडावर मचाणासारख्या बैठकीत तासन् तास बसावं लागतं. जागा अरुंद, कपडे जाड, त्यामुळं धनुष्य आखूड आणि हलकं लागतं, ३० ते ३३ इंचांचं. बाण साधारण २०-३० यार्डांवरून मारायचा, त्यापुढं जबाबदार माणूस मारत नाही. जनावर जखमी होऊन पळालं तर ते पाप आपल्या माथी. बाण जड आणि ताठ, पुढं पात्याचं टोक. म्हणून तुमच्याकडं ३४० आलेत, ते भावाच्या पाउंडाला आणि लांबीला योग्य असणार.

कायद्यानं लागणारं किमान पाउंड प्रत्येक राज्याचं वेगळं, बऱ्याच ठिकाणी ३५ ते ४०. दुकानात मात्र ७० चंच धनुष्य विकायला बघतात. इथले नवखे शिकारी बदलतात ते बहुतेक वेगाच्या जाहिराती बघून. तो वेग ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेन वजनाच्या बाणावर मोजलेला असतो. ४५ पाउंड आणि २७ इंचांवर तो आकडा कधीच मिळत नाही. आकडा बघून घेऊ नका एवढंच सांगतो.

पात्याची टोकं बाणाबरोबर आली असतील तर आजच काढून कुलपात टाका. पोरांच्या हातात गेली तर बोट तुटेल.

काळीमाती (सेलू)

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्याकडं रोह्यांनी हरभरा संपवला, रानडुकरं ज्वारी लोळवायलेत. रात्र रात्र जागलीला बसावं लागतं. असलं धनुष्य असलं तर निदान भ्यावं म्हणून तरी चालेल का?

बांधावरचा वकील (लातूर)

काळीमाती, नाही चालणार. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शिकारीला बंदी घालतो. साधन बंदूक असो, फासा असो का धनुष्यबाण, फरक पडत नाही. शिकारीचा प्रयत्नही गुन्ह्यातच येतो, त्यामुळं "भ्यावं म्हणून" सोडलेला बाण लागला नाही तरी सुटका नाही. अपवादात्मक परवानगी असते, ती वनखात्याच्या वरिष्ठांकडून, ठरावीक अटींवर. आपल्या आपण ठरवून नाही.

पीक खाल्लं असेल तर लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या, सातबारा आणि फोटो जोडून भरपाईचा अर्ज द्या. रोही आणि रानडुक्कर दोन्हींच्या नुकसानीला शासनाची मदत आहे. लोक उशीर करतात आणि मग पंचनामाच होत नाही. तुमचा राग मला कळतो, माझ्याही तुरीत डुकरं शिरतात.

काळीमाती

बरं झालं विचारलं. उद्याच जातो.

दूरदेशी

कायदा सोडून दिला तरी, रात्री अंधारात पळत्या जनावरावर बाण टाकणं म्हणजे ते अर्धमेलं करून सोडणं. इथं परवाना असलेल्यालाही रात्री हरणावर बाण टाकता येत नाही.

बालाघाटी (बीड)

मी जरा विरुद्ध बोलणार आहे. शिवारवाट यांना स्पर्धेत उतरायचंय, हौसेपुरतं नाही. मग दुकानदार अगदीच चुकीचं बोलला असं मला वाटत नाही.

कंपाउंडची स्पर्धा ५० मीटरवर होते. ८० सेंटिमीटरचा चेहरा (टार्गेटवरचा वर्तुळांचा कागद), त्यावर दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटर. पात्रता फेरीला ७२ बाण. एवढ्या वेळ धनुष्य स्थिर धरायचं तर लांबी आणि वजन मदतीला येतं. टार्गेटचं धनुष्य ३६ ते ४० इंचांचं असतं ते त्यासाठी. हाताची छोटी चूक ते पोटात घालतं. ३१ इंची धनुष्य प्रत्येक चूक बाणाला सांगतं.

दुसरं लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर हातातला भार किती टक्के कमी होतो ते. शिकारीच्या धनुष्याला ८० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे ४५ पाउंडाचं पूर्ण ओढल्यावर हातात फक्त ९ पाउंड. मचाणावर हरणाची वाट बघत धरून ठेवायला ते सोयीचं. टार्गेटवर एवढं हलकं असलं की पिन तरंगत राहते आणि दोरी सुटताना मनगटाचा हिसका लगेच उमटतो. ५५ पाउंड आणि ६५ टक्के लेट-ऑफ असेल तर हातात १९ पाउंड राहतात, पाठ कामाला लागते, पिन बसते.

तिसरं, कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. तुमचं धनुष्य झाडापानांच्या रंगाचं आहे का? वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमात तसला रंग ना कपड्यावर चालतो ना साहित्यावर. पाउंडाचीही मर्यादा ६०. आपल्याकडच्या स्पर्धा बहुतेक त्याच नियमावर होतात. नोंदणी करायच्या आधी विचारून घ्या, ऐनवेळी जजनं बाजूला काढलं तर सगळा मोसम वाया.

आणि आपल्या महाराष्ट्रात या खेळाचं काय झालंय ते बघा. २०२३ ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीनं १७ व्या वर्षी कंपाउंडचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात १५० पैकी १५० मारून दुसरं आणलं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकारही आलाय. मराठवाड्यातला माणूस यात उतरतोय तर योग्य साहित्य घेऊन उतरावं, असं माझं ठाम मत आहे.

रेणापूरची रेखा

बालाघाटी, ती दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडं घडली. साहित्याइतकंच रोज समोर उभा राहून चूक दाखवणारा माणूस त्यांना होता. आपल्याकडं तोच नाही. लाखाचं धनुष्य आखाड्यावर एकट्यानं मारलं तर चूकही लाखाचीच पक्की होते. त्या पैशातले थोडे चांगल्या शिबिराला घालावेत.

बालाघाटी

ताई, यावर वाद नाही. प्रशिक्षक आधी. मी म्हणतो तो प्रश्न त्यानंतरचा.

गोदाकाठचा

बालाघाटी, तुमचे मुद्दे बरोबर आहेत, लेट-ऑफचा तर शंभर टक्के. एका ठिकाणी मतभेद. आखूड धनुष्यात दोरीचा कोन तीव्र होतो, दोरी नाकाला टेकत नाही, हा त्रास लांब हाताच्या माणसाला जास्त. २७ ड्रॉवाल्याला ३१ इंच तितकं काचत नाही. त्यामुळं यांच्या बाबतीत लांबीचं कारण जरा मागं जातं.

आणि ३४० चे बाण? त्याबद्दल तुम्ही बोललाच नाहीत. ४५ पाउंड, २७ ड्रॉ, २८ इंची बाण, याला ५०० ते ६०० च्या दरम्यानचा स्पाइन येतो. आकडा मोठा म्हणजे बाण लवचीक. ताठ बाण कंपाउंडमधून धोक्याचा नाही (फार लवचीक असला तर मात्र धोका, तो फुटू शकतो), पण ३४० वजनानं जड पडतो. त्यात मोठी पिसं. ५० मीटरवर एवढा सावकाश जाणारा बाण आपल्या उघड्या माळावर वाऱ्याला सापडणारच. आडव्या फैलावात निम्मा वाटा वाऱ्याचा असेल. बारीक दांड्याचा, दोन इंची पिसाचा बाण घेतला तर फरक डोळ्यांना दिसेल. शिवाय तो बाण पुढं नवीन धनुष्यालाही चालू शकतो, पैसे बुडत नाहीत. पाउंड फार वाढवलं नाही तर.

बालाघाटी

बाणांचं मान्य. बाण आधी.

मात्र तो केसाळ रेस्ट काढा. दर बाणाला पिसं घासतात, लहान पिसं तर चुरगळून जातात. पट्टीचा किंवा खाली पडणारा रेस्ट लावा. साइटही तीन पिनांची नको, एक पिन, भिंग आणि बुडबुड्याची पट्टी असलेली घ्या. धनुष्य जरासं कललं तरी ५० वर बाण त्या बाजूला जातो, आणि डोळ्यांना ते कळत नाही, बुडबुड्याला कळतं. हे सगळं सुटं साहित्य आहे, नव्या धनुष्यावर बसतं.

माळरान (अंबाजोगाई)

सगळे बदलायचं बोलायलेत, आहे ते टिकवायचं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो.

आपल्याकडचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. धनुष्य डिकीत ठेवून लग्नाला जाऊ नका. दोरी ताणली जाते, पीप फिरतो, लिंबचे थर सुटायची भीती. दोरीला मेण लावत राहा. आपल्या काळ्या मातीची धूळ कॅमच्या खोबणीत बसते, ती मऊ ब्रशनं काढा, तेल ओतू नका, तेलानं धूळ आणखी चिकटते. बाण न लावता दोरी कधीच सोडू नका, पाहुण्यांना तर हातच लावू देऊ नका. आमच्याकडं एका पाहुण्यानं "बघू तरी" म्हणून रिकामी दोरी सोडली आणि केबल खोबणीतून बाहेर आली.

दर वेळी बाण मारण्याआधी तो कानाजवळ धरून थोडा वाकवून बघा. कट् असा आवाज आला, दांड्यावर बोट फिरवताना उभी चीर लागली, तर तो बाण मोडून टाका. फुटका कार्बन तळहातात घुसतो, ते गंमतीचं नाही.

शिवारवाट, दोरी आणि केबल किती जुनी आहे हे भावाला विचारा. तिच्यातले धागे उसवले असतील, दोन-तीन वर्षं वापरात असेल, तर बाणांच्याही आधी तोच खर्च. नवीन दोरी बसवायला प्रेस लागते. आपल्या भागात ती शोधत फिरावी लागते, म्हणून एका फेरीत पीप, दोरी, डी-लूप (दोरीवरचा रिलीज अडकवायचा फास) सगळं करून घ्या.

कडबाकुट्टी

टार्गेट कशाचं केलंय? मी एकदा मेव्हण्याच्या धनुष्यानं कडब्याच्या गंजीत बाण मारला होता. बैलानं तो आमच्या आधी शोधला 😀

माळरान

कडबा, गंजी यांच्या नादी लागूच नका. बाण आत जातो, गुरांच्या खाण्यात टोक आलं तर जनावर हातचं जाईल. खताची रिकामी पोती घ्या, आत जुन्या साड्या, गोधड्यांचे तुकडे ठासून भरा, तोंड शिवून टाका. कापसात बाण खोल रुततो, चिंध्यांत बरोबर थांबतो. मागं मातीचा बांध हवाच, आणि बांधापलीकडं पाणंद किंवा मेंढरांची वाट नको. तुरीचं पीक उभं असताना पलीकडचा माणूस दिसत नाही हे ध्यानात ठेवा.

शिवारवाट

सगळ्यांचं वाचलं. दोन-तीन गोष्टी केल्या, त्या सांगतो.

मॉड्यूल २७ वर आणलं. खुंटी वरच्या कॅमवर होती, तीही त्याच खुणेवर घेतली. पहिल्यांदा ओढलं तेव्हा आखूड वाटलं, दोरी फार पुढं थांबली असं वाटलं. बायकोला बाजूनं व्हिडिओ काढायला सांगितला. जुन्या व्हिडिओत मी विहिरीत डोकावून मागं सरल्यासारखा उभा आहे, नव्यात पाठ सरळ. ५० वर आडवा फैलाव स्पष्ट कमी झाला. संपला नाही, वारा सुटला की परत फाकतात, पण सकाळी शांत असताना टार्गेटच्या मधल्या पिवळ्याच्या आसपास राहायलेत. पीप खाली आलाय, मान वाकवावी लागते, ते काम बाकी आहे.

भावाला फोन केला. दोरी त्यानं घेतली तीच आहे, एकदाही बदललेली नाही. डी-लूपपाशी दोन धागे तुटलेले दिसले. आणि बालाघाटी, तुमचा संशय खरा. धनुष्य पूर्ण झाडापानांच्या रंगाचं आहे, लिंबसकट. पात्याची टोकं तीन निघाली, कपाटात टाकली.

म्हणजे स्पर्धेला हे जसंच्या तसं जाणार नाही. रंगवून घेतलं तर?

बालाघाटी

रायझर रंगवतात लोक. लिंबवर रंगाचे प्रयोग करू नका, थिनर-पॉलिशनं त्यांचं काय होईल सांगता येत नाही. जिल्ह्याच्या संघटनेतल्या माणसाला फोटो दाखवा. खालच्या पातळीवर काही ठिकाणी चालवून घेतात, पण वरच्या स्पर्धेला तो भरवसा नको.

गोदाकाठचा

माझा हिशोब असा. दोरी-केबलचा सेट आणि पीप आत्ता. त्यानंतर ५०० किंवा ६०० चे डझनभर बाण. मग रेस्ट. हे सगळं मिळून नव्या धनुष्याच्या पासंगालाही लागत नाही, मोटारीचे पैसे हातात राहतात. हा मोसम सराव आणि शिबिराचा काढा. नवीन घ्यायचं ते २७ ड्रॉ पक्की ठरल्यावरच, कारण टार्गेटच्या बऱ्याच धनुष्यांना ड्रॉ बदलायची मोकळीक कमी असते, चुकीच्या मापाचं घेतलं तर मॉड्यूल वेगळं मागवावं लागतं.

दूरदेशी

याला माझाही दुजोरा. भावाच्या धनुष्यानं तुम्हाला तुमचं माप सांगितलं, हेच त्याचं मोठं काम झालं.

बालाघाटी

मी बदला म्हणणारा, तरी गोदाकाठच्यांच्या क्रमाला हरकत नाही. फक्त मोसमभर थांबताना दुसरं धनुष्य हातात धरलेलंच नसेल तर शिवारवाट ठरवणार कशावरून? माझ्याकडं ३७ इंची आहे, ५० पाउंडावर, लेट-ऑफ ६५. माझी ड्रॉ २८, पण २७ चं मॉड्यूल पडून आहे, आमच्याकडं प्रेसही आहे. उदगीरहून बीड लांब आहे, तरी रविवारी सकाळी निघता का? तुमच्या धनुष्याची दोरी मागवून ठेवली असेल तर तीही इथंच बसवू.

शिवारवाट

येतो. दोरी मागवायला कॅमवरचा मॉडेल नंबर लागेल ना? तो फोटो तुम्हाला पाठवतो, माप बरोबर आहे का बघा. ती यायला आठवडा लागेल, म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी. बाण कोणते आणू? नवीन अजून घेतले नाहीत.

बालाघाटी

लेबल केबलवर पण असतं, त्याचाही फोटो पाठवा. जुने ३४० घेऊनच या. माझ्याकडं ५०० चे आहेत, थोडे लांब पडतील पण अंदाज येतो. दोन मीटरवरून कागदातून दोन्ही मारू, फाटलेलं बघून रेस्ट कुठं सरकवायचा ते कळेल. मगच डझनाची ऑर्डर टाका.

रेणापूरची रेखा

रविवारी मीपण लेकीला घेऊन येऊ का? तिच्या लिंबचा टिलर (वरच्या-खालच्या लिंबच्या दोरीपासूनच्या अंतरातला फरक) कुणी मोजून दिला तर बरं होईल.

बालाघाटी

या ताई. टिलर मोजायची पट्टी आहे. सातच्या आत पोचा, नऊनंतर माळावर वारा सुटतो.